कलियुग कधी संपणार? एका चिठ्ठीचं राहिलेलं उत्तर



मागच्या वेळी आम्ही दौंडला बोललो, तेव्हा शेवटी श्रोत्यांकडून चिठ्ठ्या आल्या. त्यातल्या एका चिठ्ठीवर एकच ओळ होती : कलियुग कधी संपणार? वाचून दाखवली तर सभागृह हसलं. आम्हीही हसलो आणि आकडा सांगून मोकळे झालो. म्हणालो, अजून साधारण ४,२६,९०० वर्षं शिल्लक आहेत, घाई करू नका. टाळ्या पडल्या. सभा संपल्यावर चिठ्ठी लिहिणारे गृहस्थ भेटले. सत्तरीच्या पुढचे, भीमाकाठी ऊस करणारे. म्हणाले, "तुम्ही हिशेब सांगितला. मी विचारलं ते वेगळं होतं." एवढं बोलून ते एसटी गाठायला निघून गेले.

आज आपण शिरूरला जमलोय, पण आजचं व्याख्यान हे त्या दौंडच्या चिठ्ठीचं राहिलेलं उत्तर आहे. टाळ्या मिळाल्या म्हणून उत्तर बरोबर होतं असं होत नाही.

आधी तो आकडा कुठून येतो ते बघू. सत्यनारायणाला बसलेल्या प्रत्येकाने तो ऐकलेला असतो, फक्त लक्ष दिलेलं नसतं. गुरुजी संकल्प सोडायला सांगतात, तेव्हा ते आपला पत्ताच सांगत असतात. ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा उत्तरार्ध चालू आहे, श्वेतवाराह नावाचं कल्प आहे, वैवस्वत मन्वंतर आहे, त्यातली अठ्ठाविसावी चौकडी, तिच्यातलं कलियुग, त्याचाही पहिला चरण. मग जागा : दंडकारण्य, गोदावरीचा दक्षिण तीर. मग शालिवाहन शक, संवत्सर, महिना, तिथी, आणि सगळ्यात शेवटी यजमानाचं गोत्र आणि नाव. पोस्टाच्या पत्त्यासारखंच, फक्त उलटं. देश आधी आणि घर नंबर शेवटी. शिरूरच्या एका दोन खोल्यांच्या घरात पाटावर बसलेला माणूस क्षणभर ब्रह्मदेवाच्या आयुष्यात नेऊन बसवला जातो. आम्हाला ही गोष्ट फार आवडते, हे आधीच कबूल करतो. पुढे टीका करणार आहोत म्हणून सांगून ठेवलं.

हिशेब असा : कृतयुग १७,२८,००० वर्षांचं, त्रेता १२,९६,०००, द्वापर ८,६४,००० आणि कलि ४,३२,०००. बेरीज ४३,२०,०००. ही एक चौकडी. अशा हजार चौकड्यांचा ब्रह्मदेवाचा एक दिवस, म्हणजे ४३२ कोटी वर्षं. रात्रही तेवढीच. दिवस मावळला की प्रलय, उजाडलं की परत सृष्टी. कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२ सालच्या फेब्रुवारीत धरतात. त्यातली पाच हजार सव्वाशेच्या आसपास वर्षं सरली.

आता यात एक गोष्ट नीट बघा. कलियुग संपलं की जग बुडतं, असं आपण सर्रास बोलतो. या हिशेबात तसं काही नाही. कलियुग संपलं की कृतयुग लागतं, बस. प्रलय होतो तो हजार चौकड्यांनंतर, आणि त्याच्या दुसऱ्या टोकालाही सकाळच आहे. 'जगाचा शेवट' ही वस्तू या दुकानात मिळतच नाही. तरीही २०१२ च्या डिसेंबरात माया लोकांच्या पंचांगावरून जग संपणार अशी आवई उठली, तेव्हा आपल्याकडे तिला कलियुगाची फोडणी बसली. हरिश्चंद्रगडावर केदारेश्वराच्या गुहेत चार खांबांपैकी एकच शाबूत आहे. एकेक खांब म्हणजे एकेक युग आणि चौथा पडला की जग संपेल, असं तिथे जाणारा प्रत्येक ट्रेकर मोबाइलमध्ये बोलून येतो. खांबांची गोष्ट लोकांनी रचली, त्याबद्दल आमची तक्रार नाही. दगडाला गोष्ट चिकटणारच. पण ती गोष्ट पुराणाची म्हणून सांगितली जाते, तेव्हा पुराण वाचलेलं नाही एवढं कळतं.

याच्या उलट, आपल्या या दोन तालुक्यांच्या आसपास फिरणारं काळाचं चक्र अगदी पायाखाली आहे. दौंडकडून शिरापूरला जा, भीमा ओलांडा, की सिद्धटेक. तालुका कर्जत, जिल्हा अहिल्यानगर, पण वाट आपली. पूर्वी होडीने जावं लागायचं. तिथली कथा कोणत्या वेळची आहे? प्रलयानंतरची, सृष्टी अजून व्हायची आहे त्या वेळची. विष्णू योगनिद्रेत, ब्रह्मदेव निर्मितीला बसलेला आणि मधू-कैटभ हे दैत्य त्याला छळताहेत. विष्णू लढतो, पण जिंकत नाही, कारण गणपतीची आराधना राहून गेलेली. ती तो या टेकडीवर करतो आणि त्याला सिद्धी मिळते. आम्ही हे एकदा एका शाळेत सांगत होतो, तर पाचवीतल्या मुलीने विचारलं, सृष्टी झालीच नव्हती तर टेकडी कुठून आली? शिक्षक तिच्यावर डाफरले. आम्हाला मात्र वाटतं की दहा प्रवचनांत मिळून एवढा चांगला प्रश्न येत नाही. उत्तर असं की या विचारात 'पहिल्यांदा' असं काही नसतंच. आधीची सृष्टी होती, तिच्यात टेकडी होती, तिच्या आधीही होती.

इकडे शिरूर तालुक्यात रांजणगाव. तिथे त्रिपुरासुराची तीन पुरं जाळायला निघालेल्या शंकराने आधी गणपती पुजला. मोरगाव बारामती तालुक्यात, तिथला मयूरेश्वर गणेशपुराणाप्रमाणे त्रेतायुगातला. याच पुराणात दर युगाला गणपतीचा एक अवतार दिलाय आणि कलियुगाचा अजून यायचा आहे. धूम्रकेतू त्याचं नाव, धुराच्या रंगाचा, घोड्यावरचा. विष्णूचा कल्की सगळ्यांना ठाऊक असतो, पण अष्टविनायकाला जाणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी धूम्रकेतूचं नाव ऐकलेलं असतं. यात्रेचा शास्त्रोक्त क्रम मोरगावपासून सुरू होतो, रांजणगाव आठवं येतं आणि मग परत मोरगाव. भाविकांना युगांचे आकडे पाठ नसतील. पण यात्रा सुरू केली तिथेच येऊन पुरी होते, हे त्यांच्या गाडीच्या ड्रायव्हरलाही माहीत असतं.

इथवर सगळं गोड आहे. आता कडू भाग.

मनुस्मृतीत आणि महाभारताच्या वनपर्वात युगांचे आकडे आहेत, ते लहान आहेत. कलियुग हजार वर्षांचं, त्याच्या दोन्ही बाजूंना शंभर-शंभर वर्षांचे संधिकाल, मिळून १,२००. चारही युगं मिळून १२,०००. मग ४,३२,००० कुठून आले? पुराणांनी सांगितलं की ही वर्षं माणसांची नाहीत, देवांची आहेत. देवांचा एक दिवस म्हणजे आपलं एक वर्ष. म्हणून ३६० ने गुणा. १,२०० गुणिले ३६०, आलं उत्तर. माणसांची वर्षं धरली असती, तर ३१०२ साली सुरू झालेलं कलियुग इसवी सनापूर्वी १९०२ मध्येच संपलं असतं. बुद्धाच्या कितीतरी आधी!

हा गुणाकार कुणी आणि का केला, असा प्रश्न सरळ विचारला तो डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. आयुष्याच्या अखेरच्या वर्षांत लिहिलेल्या 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये एक कोडं कलियुगाचंच आहे : ब्राह्मणांनी ते न संपणारं का केलं? हे पुस्तक त्यांच्या हयातीत छापलं गेलं नाही, महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलं आणि त्यावरून वादळ उठलं. वादळ राम-कृष्णांवरच्या मजकुराचं होतं. कलियुगाच्या कोड्याकडे कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही. याच शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाच्या लढाईच्या स्मरणासाठी, नदीपलीकडे पेरण्याच्या हद्दीतल्या जयस्तंभापाशी, बाबासाहेब १ जानेवारी १९२७ ला आले होते. १८१८ च्या त्या लढाईनंतर काही महिन्यांत पेशवाई संपली. एका बाजूसाठी तो कलियुगाचा कळस होता आणि दुसऱ्या बाजूसाठी तेच युग संपायला लागलं होतं. काळाचं माप कुणाच्या हातात आहे, हा प्रश्न त्यांना कुठून सुचला असेल याचा आम्ही विचार करतो, तेव्हा तो स्तंभ डोळ्यांसमोर येतो.

बाबासाहेबांचं म्हणणं नीट कळायला कलिवर्ज्य हा शब्द माहीत हवा. धर्मशास्त्रात काही गोष्टींची यादी आहे, ज्या पूर्वी चालत होत्या पण कलियुगात करायच्या नाहीत. समुद्रप्रवास, असवर्ण विवाह, एकदा दिलेल्या कन्येचं पुन्हा लग्न वगैरे. खुबी अशी की या गोष्टींना पाप म्हटलेलं नाही. फक्त सध्या बंद. दुकानावर 'आज बंद' अशी पाटी लावावी तसं. आणि 'आज' हा दिवस ४,३२,००० वर्षांचा! न संपणाऱ्या युगाला तात्पुरती बंदी जोडली की ती कायमची होते, आणि कायमची बंदी घातली असं कुणाला म्हणावंही लागत नाही. हा युक्तिवाद आम्हाला बिनतोड वाटतो. विधवाविवाहाच्या वादात हेच शस्त्र दोन्हीकडून चाललं. ईश्वरचंद्र विद्यासागर म्हणाले की कलियुगासाठी पराशरस्मृती सांगितली आहे आणि तिच्यात पुनर्विवाहाला जागा आहे. विरोधकांनी कलिवर्ज्याची यादी पुढे केली. १८७० साली पुण्यातही हाच वाद रंगला. कलियुग सगळ्यांना मान्य, भांडण फक्त त्यात काय चालतं याचं.

पण बाबासाहेबांच्या उत्तराच्या दुसऱ्या अर्ध्यापाशी आम्ही थबकतो. गुणाकार झाला हे खरं, त्याचा फायदा कुणाला झाला हेही खरं, पण तो त्याच हेतूने झाला हे गुणाकारातून सिद्ध होत नाही. ज्योतिषगणिताला फार मोठे आकडे लागतात. सगळ्या ग्रहांचे फेरे पूर्णांकात बसतील एवढा लांब काळ धरावा लागतो. कलियुगाचा आरंभदिनही सगळे ग्रह एकत्र येतील असा दिवस मागे मोजत जाऊन नंतर ठरवला गेला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. इसवी सन ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात शकाबरोबर भारतीय युद्धापासूनची ३,७३५ वर्षं दिली आहेत. म्हणजे तेव्हा ही गणना रुळलेली होती. शिवाय ४,३२,००० हा आकडा एकट्या आपला नाही. बेरोसस नावाच्या बाबिलोनच्या पुजाऱ्याने ग्रीक भाषेत लिहिलं, त्यात जलप्रलयापूर्वीच्या दहा राजांचा एकूण काळ नेमका ४,३२,००० वर्षं येतो. आकडे कुठून कुठे गेले यावर अभ्यासक वाद घालत राहतील. आणि सगळी विद्या एका सुरात बोलत होती असंही नाही. आर्यभटाने चारही युगपाद सारखे केले, प्रत्येकी १०,८०,००० वर्षांचे. धर्म दर युगाला एकेक पाय गमावतो आणि युग आखूड होत जातं, ही सगळी गोष्टच त्याच्या गणितात बसत नाही. ब्रह्मगुप्ताने त्याबद्दल त्याला झोडपलं, की हे स्मृतीला सोडून आहे. म्हणजे स्मृतीला सोडता येत होतं.

एवढ्यावर थांबलो तर आम्हीही त्या दिवशीसारखे आकड्यांतच अडकलो. आकड्यांपेक्षा महत्त्वाचं आहे ते कलियुगाचं वर्णन.

विष्णुपुराणाच्या सहाव्या अंशाच्या आरंभी ते सविस्तर आहे. आपण कीर्तनांतून, घरातल्या वडीलधाऱ्यांकडून जे ऐकतो त्याचं मूळ तिथलं. आम्ही ते पुन्हा वाचलं तेव्हा लक्षात आलं की त्या यादीत दोन वेगवेगळ्या लोकांच्या तक्रारी एकात एक मिसळल्या आहेत. पहिली अशी : शूद्र मान देईनासे होतील, बायका नवऱ्याचं ऐकणार नाहीत, वर्णाश्रम मोडेल. ही ज्यांचा मान गेला त्यांची तक्रार. दुसरी अशी : राजे रक्षण करायचं सोडून लुटतील, पाऊस कमी पडेल, दुष्काळ आणि कर यांनी गांजलेले लोक गाव सोडून जातील, निकस धान्य खाऊन राहतील. ही ज्यांचं पोट गेलं त्यांची तक्रार. इतिहासकार रामशरण शर्मा यांनी कलियुगाची वर्णनं म्हणजे तिसऱ्या-चौथ्या शतकातल्या खऱ्या सामाजिक अरिष्टाच्या खुणा आहेत असं मांडलं. ते मानलं तर या दोन तक्रारी त्याच एका काळाच्या आहेत, पण दोन वेगळ्या घरांतल्या. पुढे काय झालं? पहिली तक्रार आपण पिढ्यान्‌पिढ्या घोकली. सून उलट बोलली, कलियुग. पोरीने स्वतःचं लग्न स्वतः ठरवलं, घोर कलियुग. दुसरी तक्रार विसरलो. साराबंदी, सावकारी, दुष्काळ यांना कुणी कलियुग म्हणून हाक मारत नाही. ती 'परिस्थिती' होते.

आणि ही दुसरी तक्रार आपल्याच मातीतली आहे. १८७४ च्या डिसेंबरात शिरूर तालुक्यातल्या करडे गावात एका देशमुखावर सावकाराने दीडशे रुपयांच्या कर्जासाठी घर सोडण्याचा हुकूमनामा आणला. गावाने सावकारावर बहिष्कार टाकला. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात लोकांनी सावकारांच्या वह्या आणि खतं जाळली. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं आणि आजचा दौंडचा भागही त्याच तालुक्यात. तिथून लोण शिरूर, इंदापूर, पारनेर, श्रीगोंदा असं पसरलं. माणसांना मारण्याकडे रोख कमी होता, रोख कागदांवर होता. का? तर १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने कर्जाचा कागद तीनच वर्षं चालायचा. रयतेच्या भल्यासाठी केलेला कायदा. सावकारांनी दर तीन वर्षांनी नवा कागद करून घ्यायला सुरुवात केली, आणि दर नव्या कागदात साठलेलं व्याज मुद्दल होऊन बसायचं. चौकशी आयोगासमोर एक प्रकरण असं आलं की शंभर रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून जास्त व्याज. धर्मशास्त्रात दामदुपटीचा नियम आहे, व्याज मुदलापेक्षा वाढू नये असा. म्हणजे कर्जाला शास्त्राने शेवट दिला होता. प्रत्यक्षात तोही गुणाकारात बुडाला.

करडे आणि सुप्याच्या त्या लोकांनी कल्कीची वाट पाहिली नाही. ते भाविक नव्हते असा याचा अर्थ नाही. ते रांजणगावच्या आणि मोरगावच्या वाटेवरचेच लोक. फक्त कोणता काळ आपल्याने संपवता येतो आणि कोणता येत नाही, हे त्यांना कळत होतं. दोन वर्षं आधी, १८७३ मध्ये, जोतिराव फुल्यांचं 'गुलामगिरी' आलं होतं. त्यात फुल्यांनी चिरंजीव परशुरामाला मुदतीची नोटीस दिली आहे, जिवंत असशील तर हजर हो म्हणून. कल्किपुराणात कल्कीला विद्या शिकवणारा गुरू हाच परशुराम. म्हणजे फुल्यांनी येणाऱ्या तारणहाराच्या मास्तरांनाच समन्स काढलं. हा विनोद आजही ताजा आहे.

वारकऱ्यांचं काय, असं कुणीतरी विचारणार, म्हणून सांगतो. तुकोबांची पालखी यवत, वरवंडला मुक्काम करते, म्हणजे दौंड तालुक्यातूनच जाते. त्या विष्णुपुराणातच पुढे एक अध्याय आहे. व्यास गंगेत बुड्या मारताहेत आणि वर येऊन म्हणतात की कलियुग उत्तम, शूद्र उत्तम, स्त्रिया धन्य. ऋषी चक्रावतात. खुलासा असा की कृतयुगात दहा वर्षं लागायची ते कलियुगात एका दिवसरात्रीत साधतं. पण शूद्र आणि स्त्री का धन्य, तर त्यांना नुसत्या सेवेने फळ मिळतं म्हणून. कौतुकाच्या आडून चाकरीच. संतांनी यातलं नाम उचललं आणि चाकरी माणसाची न ठेवता विठ्ठलाची केली. एवढ्या बदलाने कलियुग हे शापाचं युग राहिलं नाही, सोपं युग झालं. आमच्या मते कलियुगाच्या कल्पनेवर मराठीत झालेली ही सर्वांत मोठी दुरुस्ती आहे, आणि ती कुठल्याही ग्रंथातल्या वादाशिवाय झाली. तरी वारीहून परतलेला माणूससुद्धा घरी येऊन सुनेला कलियुग म्हणतो, हेही पाहिलंय.

आता चिठ्ठीवर येतो. त्या गृहस्थांचा शोध घेतला. त्यांच्या गावचे एक जण आमच्या ओळखीचे निघाले. त्यांनी सांगितलं, "अहो, ते नाना दर मार्चला सोसायटीत नवं-जुनं करतात. जुनं भरायला आठ दिवसांसाठी हातउसने घ्यायचे, भरलं की परत तेवढंच उचलायचं, उसने फेडायचे. वीस-बावीस वर्षं झाली. चिठ्ठी लिहिली तो मार्चचाच महिना होता."

इथे बसलेल्यांपैकी नवं-जुनं म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही. आम्ही त्यांना चार लाखांचा आकडा सांगितला होता आणि लोक हसले होते. आज नानांना बोलावलं होतं, पण ऊसतोड लागलीय, येत नाही म्हणाले.

वेळ होत आलीय. चिठ्ठ्या पुढे पाठवा. या वेळी वाचण्याआधी, कुणी लिहिली ते विचारू.